सोलेनॉइडची परीक्षा

मोटार चालविणाऱ्याच्या समोरील फळीवर इंजिनाच्या आकृतीचा एक पिवळा दिवा असतो. तो एकाएकीं लागला म्हणजे घरांतील वडील माणसांच्या कपाळास आठ्या पडतात. गाडी तर चालत असते. मग बिघडलें काय? गॅरेजांत नेली असतां कारागीर एक लहानसें उपकरण गाडीस जोडतो आणि त्यावर उमटलेला आंकडा वाचून सांगतो, "ई. जी. आर. चा दोष आहे. सोलेनॉइड बदलावा लागेल." मालक मान हलवितो, पैसे देतो, नवा भाग बसतो, दिवा विझतो, आणि आठ-पंधरा दिवसांनीं तो पुन्हां लागतो. असें कां व्हावें, आणि तें टाळावें कसें, हें आमच्या वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस समजावून सांगावें, एवढाच या लेखाचा हेतु आहे. यांत लागणारें शास्त्र नवीन नाहीं. हवेचा दाब, विद्युत्प्रवाह आणि विद्युच्चुंबक हे जे तीन धडे शाळेंत शिकविले जातात, त्यांच्या पलीकडे आपणांस फारसें जावें लागणार नाहीं.

प्रथम या योजनेचा हेतु पाहूं. ई. जी. आर. हीं तीन इंग्रजी शब्दांचीं आद्याक्षरें आहेत. त्यांचा अर्थ, जळून गेलेल्या वायूचा कांहीं अंश पुन्हां इंजिनांत फिरविणें. जो वायु एकदां जळून निरुपयोगी झाला तो पुन्हां आंत घेण्यांत शहाणपण काय, अशी शंका कोणासहि येईल. तिचें उत्तर अमेरिकेंतील लॉस एंजेलिस शहराच्या हवेंत सांपडतें. हें शहर समुद्रकांठीं, डोंगरांच्या कुशींत वसलेलें आहे. १९४३ सालच्या उन्हाळ्यांत तेथें एके दिवशीं डोळ्यांस झोंबणारें असें दाट धुकें पसरलें, कीं युद्धाचे ते दिवस असल्यामुळें शत्रूनें विषारी वायु सोडला कीं काय, असें लोकांस वाटलें. पुढें १९५० नंतरच्या थोड्याच वर्षांत जवळच्या पासाडेना येथील कॅल्टेक या संस्थेंतील रसायनशास्त्रज्ञ आरी हागेन-स्मिट यांनीं या धुक्याचें रहस्य उकललें. मोटारींतून व कारखान्यांतून सुटणारी पेट्रोलची न जळलेली वाफ आणि नायट्रोजनचीं ऑक्साइडें यांवर सूर्यप्रकाशाची क्रिया होऊन ओझोन व तत्सम दाहक द्रव्यें तयार होतात, असें त्यांनीं दाखवून दिलें. शत्रु बाहेरून आलेला नव्हता. ज्याच्या त्याच्या दारांत उभा होता.

आतां हीं नायट्रोजनचीं ऑक्साइडें मोटारींत येतात कोठून? आपण श्वासावाटे जी हवा घेतों तींत सुमारें ७८ टक्के नायट्रोजन व २१ टक्के ऑक्सिजन असतो. एरव्हीं हे दोन वायु शेजारीं राहूनहि एकमेकांच्या वाटेस जात नाहींत. परंतु सिलिंडरांतील ज्वालेचें तपमान सुमारें १४०० सेंटिग्रेड अंशांच्या पलीकडे गेलें म्हणजे त्यांचा संयोग झपाट्यानें होऊं लागतो. तेव्हां उपाय एकच. ज्वालेचें शिखर थोडें खालीं आणावयाचें. जळालेल्या वायूंत आणखी जळण्याजोगें असें फारसें उरलेलें नसतें. ताज्या मिश्रणांत तो पांच ते पंधरा टक्क्यांच्या आसपास मिसळला, तर तो स्वतः जळत नाहीं, पण जागा अडवितो आणि उष्णता शोषून घेतो. उतूं जाणाऱ्या दुधावर पाण्याचा हबका मारला कीं दूध जसें खालीं बसतें, तसेंच हें आहे. अमेरिकेंत १९७० सालीं स्वच्छ हवेचा कडक कायदा झाला, आणि १९७३ च्या सुमारास तेथील बहुतेक नव्या मोटारींत ही योजना आली.

पण औषध झालें तरी तें वेळ पाहून द्यावें लागतें. इंजिन थंड असतांना, किंवा गाडी उभी राहून इंजिन नुसतें मंद फिरत असतांना हा वायु आंत गेला, तर तें गुदमरतें व बंद पडतें. चढावर पूर्ण शक्तीची गरज असतांना तो गेला, तर शक्ति कमी पडते. गाडी तापलेली असून मध्यम गतीनें चालली असेल तेव्हांच तो हवा. म्हणून ई. जी. आर. ची झडप केव्हां उघडावी व किती उघडावी, यावर कोणाची तरी देखरेख पाहिजे. ती देखरेख करणाऱ्या मंडळींत आपला सोलेनॉइड हा मधला माणूस होय.

या मंडळींची ओळख करून घेऊं. जुन्या पद्धतीच्या ई. जी. आर. झडपेच्या डोक्यावर एक चपटी डबी असते. तिच्यांत एक लवचिक पडदा ताणलेला असून त्यास झडपेचा दांडा जोडलेला असतो, आणि वरून एक स्प्रिंग त्याला दाबून धरते. डबींतील हवा ओढून घेतली म्हणजे बाहेरच्या हवेचा दाब पडद्यास वर ढकलतो व झडप उघडते. हवेस एवढें बळ असतें काय, असें ज्यांस वाटेल त्यांनीं टोरिचेल्लीचा प्रयोग आठवावा. समुद्रकांठीं हवेचा दाब पाऱ्याचा सुमारें ३० इंच उंचीचा स्तंभ तोलून धरतो. डबींतील दाब यापेक्षां १० इंचांनीं कमी केला, तर दर चौरस इंचावर जवळ जवळ पांच पौंडांचा भार पडतो. आणि पडद्याचा व्यास दोन इंच धरल्यास एकंदर भार सुमारें पंधरा पौंड भरतो. स्प्रिंगला हार खावयास एवढें पुष्कळ झालें.

ही ओढ येते कोठून? पेट्रोलच्या इंजिनांत ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला म्हणजे हवेची वाट जवळ जवळ बंद होते. दट्टे मात्र हवा ओढीतच राहतात. त्यामुळें मधल्या नळकांड्यांत अंशतः निर्वात स्थिति उत्पन्न होते; तिलाच कारागीर व्हॅक्यूम म्हणतात. निरोगी इंजिन मंद फिरत असतां समुद्रसपाटीवर हा व्हॅक्यूम पाऱ्याच्या १७ ते २२ इंचांइतका असतो. आपल्याकडील कांहीं डिझेल जीपगाड्यांतहि व्हॅक्यूमवर चालणारी ई. जी. आर. झडप आढळते, परंतु डिझेल इंजिनांत हवेची वाट अशी अडविलेली नसल्यामुळें तेथें व्हॅक्यूमसाठीं निराळा पंप बसविलेला असतो, आणि पुष्कळदां तोच पंप ब्रेकलाहि साह्य करतो.

उगमाकडून एक रबरी नळी निघून सोलेनॉइडकडे येते, व दुसरी सोलेनॉइडपासून झडपेकडे जाते. सोलेनॉइड म्हणजे तांब्याच्या बारीक तारेचें एक वेटोळें, त्याच्या पोटांत मागेंपुढें सरकणारा लोखंडी दांडा, आणि त्यास जागेवर परत आणणारी लहानशी स्प्रिंग. यास दोन नळ्यांचीं दोन तोंडें असतात, आणि तिसरें तोंड एका लहानशा गाळणींतून बाहेरच्या हवेंत उघडतें. वीज नसतांना दांडा उगमाचें तोंड बंद ठेवतो व झडपेची डबी बाहेरच्या हवेस जोडतो. वीज आली कीं वेटोळें चुंबक बनतें, दांडा ओढला जातो, आणि उगमाचा व्हॅक्यूम झडपेकडे जातो. पुष्कळ गाड्यांत हा प्रवाह सेकंदांत अनेक वेळां चालू-बंद केला जातो. चालू राहण्याचा काळ जितका अधिक, तितकी झडप अधिक उघडते. कांहीं गाड्यांत मात्र व्यवस्था उलट असते. वीज दिली म्हणजे व्हॅक्यूम तुटतो. म्हणून आपल्या गाडीचें दुरुस्ति-पुस्तक अगोदर पाहणें हा पहिला नियम.

आतां आपल्या मूळ प्रश्नाकडे वळूं. अमेरिकेंत १९९६ पासून विकल्या जाणाऱ्या मोटारींत दोषांचे आंकडे सर्वांस सारखे असावेत असें ठरलें, व पुढें ते इतर देशांतहि रूढ झाले. त्यांत पी ०४०१ याचा अर्थ, ई. जी. आर. चा वायु अपेक्षेपेक्षां कमी वाहतो. पी ०४०२ याचा अर्थ, तो फाजील वाहतो. आणि पी ०४०३ म्हणजे नियंत्रणाच्या विद्युन्मंडलांत दोष आहे. नीट वाचलें तर यांपैकीं एकहि आंकडा "सोलेनॉइड बिघडला" असें म्हणत नाहीं. वायु कमी वाहण्यास चिरलेली रबरी नळी, काजळीनें बुजलेली वाट, फाटलेला पडदा, जळलेला फ्यूज, तुटलेली तार, किंवा खरोखरीच बिघडलेला सोलेनॉइड, यांपैकीं कोणतेंहि कारण असूं शकेल. संगणक फिर्याद लिहून घेतो. निकाल देत नाहीं. निकाल देण्यापूर्वीं साक्षीदार तपासले पाहिजेत, आणि तेहि क्रमानें.

लक्षणें दोन प्रकारचीं असतात. झडप उघडतच नसेल, तर चढावर किंवा गाडी वेग घेतांना इंजिनांत टकटक असा खडखडाट ऐकूं येतो, कारण ज्वाला वाजवीपेक्षां अधिक तापते. झडप नको तेव्हां उघडी राहत असेल, तर उभ्या गाडीचें इंजिन थरथरतें, अडखळतें व सिग्नलपाशीं बंद पडतें. ही नोंद कागदावर करून मगच बॉनेट उघडावें.

येथें एक सूचना अवश्य देतों. पुढील तपासणी विद्यार्थ्यांनीं एकट्यानें करूं नये. जाणत्या माणसाच्या समक्ष करावी. गाडी उघड्या जागेंत उभी करावी, कारण बंद खोलींत इंजिन चालविल्यास कार्बन मोनॉक्साइड हा प्राणघातक वायु सांचतो. हातब्रेक ओढावा, गियर काढावा. सैल बाह्या, ओढण्या व पदर फिरत्या पंख्यापासून व पट्ट्यापासून दूर ठेवावे. ई. जी. आर. ची झडप धुराच्या नळीस लागून असल्यामुळें चटका बसण्याइतकी तापते, हेंहि विसरूं नये. साहित्य म्हणून एक मल्टिमीटर, हातानें दाबावयाचा मापकासह एक व्हॅक्यूम पंप आणि थोडी रबरी नळी एवढें पुरें आहे.

पहिली परीक्षा डोळ्यांची. नळ्या हातानें वांकवून पाहाव्या. उष्णतेनें कडक झालेलें रबर वांकवितांच चिरा दाखवितें. कोठें नळी निसटली आहे काय, दोन नळ्यांची अदलाबदल झाली आहे काय, विजेच्या जोडावर हिरवट गंज चढला आहे काय, हें पाहावें. अमेरिकेंत विकलेल्या मोटारींत बॉनेटखालीं नळ्यांचा नकाशा छापलेला कागद पुष्कळदां चिकटविलेला असतो. त्याशीं ताडून पाहावें. या परीक्षेस एक पैसाहि लागत नाहीं, आणि पुष्कळ गाड्यांचा दोष येथेंच हातीं लागतो.

दुसरी परीक्षा उगमाची. उगमाकडून येणारी नळी सोलेनॉइडपासून काढून तीस मापक लावावा व इंजिन मंद चालवावें. वर सांगितल्याप्रमाणें १७ ते २२ इंच दिसले तर उगम ठीक. मात्र दर हजार फूट उंचीस हा आंकडा सुमारें एक इंचानें उतरतो. मुंबईस २० इंच दाखविणारें इंजिन सुमारें चार हजार फूट उंचीच्या पांचगणीस १६ च्या आसपास दाखवील. त्यांत इंजिनाचा दोष नाहीं, वरची हवाच विरळ आहे. उगमींच ओढ नसेल, तर नळी बुजलेली किंवा फुटलेली आहे. पाणी नसलेल्या विहिरीवरचा रहाट बदलून काय उपयोग?

तिसरी परीक्षा झडपेची. झडपेवरील नळी काढून तेथें हातपंप जोडावा आणि इंजिन मंद फिरत असतांना पंपानें १० ते १५ इंच व्हॅक्यूम द्यावा. झडप व तिची वाट निर्दोष असल्यास इंजिन लगेच अडखळेल अथवा बंद पडेल. हें शुभ चिन्ह समजावें. मापकाचा कांटा आपण होऊन खालीं येऊं लागला, तर पडदा फाटला आहे. कांटा स्थिर आहे, पण इंजिनावर कांहींच परिणाम होत नाहीं, तर वाट काजळीनें बुजली आहे किंवा झडपेचा दांडा अडकला आहे. धुराच्या दाबावर अवलंबून असणाऱ्या कांहीं जातींच्या झडपा मंद गतींत व्हॅक्यूम धरून ठेवीत नाहींत. तेथें पुस्तकाचा सल्ला घ्यावा. झडप दोषी ठरली तर सोलेनॉइड निर्दोष सुटण्याचा संभव मोठा आहे.

चौथी परीक्षा विजेच्या पुरवठ्याची. इंजिन बंद ठेवून सोलेनॉइडचा विजेचा जोड सोडवावा, किल्ली चालू स्थितींत फिरवावी, आणि मल्टिमीटरचें काळें टोंक बॅटरीच्या ऋण ध्रुवास लावून तांबडें टोंक जोडांतील दोन्ही खांचांस क्रमानें लावावें. बहुतेक गाड्यांत एका खांचेंत बॅटरीइतकाच, म्हणजे सुमारें १२ व्होल्ट दाब मिळाला पाहिजे. दुसरी तार संगणकाकडे जाते. ती ऋण ध्रुवास जोडून अथवा तोडून संगणक आपली आज्ञा देतो. कोठेंच दाब नसेल तर फ्यूज व तार तपासावी.

पांचवी परीक्षा वेटोळ्याची. हीच ओहमच्या नियमाची परीक्षा होय. किल्ली बंद करून, जोड सुटलेलाच ठेवून, सोलेनॉइडच्या दोन खिळ्यांमधील रोध मोजावा. योग्य आंकडा प्रत्येक गाडीच्या पुस्तकांत दिलेला असतो. पुष्कळ गाड्यांत तो तीस-चाळीस ओहमच्या आसपास असतो. समजा तो ३६ ओहम आहे. १२ व्होल्टांस ३६ नें भागलें म्हणजे प्रवाह एक तृतीयांश ॲम्पियर होतो, आणि संगणकांतील नाजुक भाग तो सहज पेलतो. रोध अनंत दिसला तर वेटोळ्याची तार तुटली आहे. तो अवघा दोन ओहम दिसला तर वेटोळें आंतल्या आंत जुळलें आहे. आतां प्रवाह सहा ॲम्पियर होईल, आणि सोलेनॉइडबरोबर संगणकासहि इजा पोंचेल. असा दोष असतां नुसता संगणक बदलणारा मनुष्य दुसराहि संगणक जाळून बसतो. खिळा व सोलेनॉइडचें धातूचें अंग यांमध्यें मात्र रोध अनंतच असला पाहिजे.

येथें एक बारकावा लक्षांत ठेवावा. तांब्याचा रोध तपमानाच्या दर अंशास सुमारें ०.४ टक्के वाढतो. म्हणून २० अंशांवर ३६ ओहम दाखविणारें वेटोळें ८० अंशांवर ४४-४५ ओहम दाखवील, आणि तो दोष नव्हे. उलट, कांहीं वेटोळीं थंड असतां चांगलीं असतात व तापलीं म्हणजे आंतील तुटकी तार सुटून दगा देतात. "सकाळीं गाडी ठीक असते, अर्ध्या तासानें दिवा लागतो," अशी तक्रार असेल, तर हा रोध गाडी तापल्यावरहि मोजावा.

सहावी परीक्षा हालचालीची. सोलेनॉइड बाहेर काढून फ्यूज असलेल्या तारांनीं त्यास बॅटरी जोडावी. कांहीं सोलेनॉइडांत डायोड असतो. करितां धन व ऋण बाजू पुस्तकांत पाहून मगच जोडाव्या. वीज देतांच 'टक्' असा आवाज होतो, आणि पुष्कळ कारागीर तो ऐकून समाधान पावतात. पण तेवढ्यावर थांबूं नये. आमच्या प्रयोगशाळेंत मोडींत निघालेल्या एका डिझेल गाडीचा सोलेनॉइड आणला होता. त्याचा आवाज ऐकतांच दहावींतील एका विद्यार्थ्यानें "चांगला आहे, सर" असा निर्वाळा दिला. नंतर त्याच्याच हातांत पंप दिला. वीज बंद असतां उगमाच्या तोंडावर व्हॅक्यूम टिकावयास पाहिजे होता. तो कांहीं केल्या टिकेना, कांटा सारखा शून्याकडे घसरूं लागला. दांडा हलत होता, पण त्याच्या बैठकीवर बसलेल्या घाणीमुळें तोंड बंद होत नव्हतें. त्या मुलानें आपण होऊन वहींत लिहिलें कीं, आवाज हा हालचालीचा पुरावा आहे, कामाचा नव्हे. यापेक्षां चांगल्या शब्दांत मला तें सांगतां आलें नसतें.

तेव्हां खरी परीक्षा अशी घ्यावी. झडपेच्या तोंडावर मापक लावावा व उगमाच्या तोंडावर पंप. वीज नसतां पंपाचा व्हॅक्यूम टिकला पाहिजे, व मापक शून्यावर राहिला पाहिजे. वीज देतांच मापकावर व्हॅक्यूम दिसला पाहिजे. वीज तोडतांच मापक झटकन् शून्यावर आला पाहिजे. तो रेंगाळत खालीं आला, तर हवा आंत घेणारी गाळणी धुळीनें बुजली आहे. अशा गाडींत झडप बंद व्हावयास उशीर लागतो व इंजिन सिग्नलपाशीं अडखळतें. गाळणी निघण्यासारखी असल्यास ती साफ करून अथवा बदलून काम भागतें. मात्र कांहीं गाड्यांतील सोलेनॉइड जन्मतःच थोडी हवा सतत आंत घेईल अशा रीतीनें बनविलेला असतो. त्याचा कांटा पूर्ण स्थिर राहणार नाहीं, आणि किती घसरण मान्य आहे तें पुस्तकांत दिलेलें असतें.

सातवी व शेवटची परीक्षा आज्ञेची. सोलेनॉइड निर्दोष ठरला, वीज मिळते, व्हॅक्यूमहि मिळतो, तरी झडप उघडत नाहीं. तर संगणक आज्ञाच देत नसेल. उभ्या गाडींत कितीहि ॲक्सिलरेटर दाबला तरी पुष्कळ संगणक ही आज्ञा देत नाहींत. त्यावरून घाईनें अनुमान काढूं नये. दोष वाचणाऱ्या कांहीं उपकरणांतून संगणकास मुद्दाम आज्ञा देवविण्याची सोय असते. ती नसल्यास सोलेनॉइड व झडप यांमधील नळींत तीन तोंडांचा जोड घालून, लांब नळीनें मापक गाडीच्या आंत आणावा आणि तापलेल्या गाडींतून एक फेरी मारावी. मापक दुसऱ्यानें पाहावा. चालविणाराची नजर रस्त्यावरच असली पाहिजे. आज्ञा येत नसेल तरीहि संगणकास लगेच दोष देऊं नये. पाण्याचें तपमान सांगणारें यंत्र "इंजिन अजून थंड आहे" अशी खोटी वार्ता देत असेल, तर संगणक आज्ञा रोखून धरतो. त्यानें मिळालेल्या वार्तेप्रमाणें योग्यच केलें. म्हणून आधीं वार्ताहर तपासावे.

दोष सांपडून दुरुस्ति झाली म्हणजे आंकडा पुसावा व कांहीं दिवस नेहमींप्रमाणें गाडी चालवून दिवा पुन्हां लागतो कीं काय तें पाहावें. तपासणी न करतां नुसता आंकडा पुसणें म्हणजे ताप न उतरवितां तापमापक झटकणें होय. पहिल्या परिच्छेदांतील मालकाचा दिवा विझला तो याच प्रकारें. नवा सोलेनॉइड बसवितांना आंकडा पुसला गेला. चिरलेली नळी मात्र होती तशीच राहिली, आणि संगणकानें आपली पुढील तपासणी पूर्ण करतांच फिर्याद पुन्हां दाखल झाली.

या सर्व खटाटोपांतून सुटण्याचा एक सोपा मार्ग लोक सुचवितात, तो पालकांच्या कानांवर केव्हां ना केव्हां पडेल. ती रबरी नळी काढावी, तींत एक खिळा ठोकून द्यावा, आणि मोकळें व्हावें. बाह्यतः गाडी चालतेहि. उभ्या गाडीचें थरथरणें थांबतें, आणि मालकास वाटतें, बरें झालें. परंतु नायट्रोजनचीं ऑक्साइडें आतां अनिर्बंध बाहेर पडतात, आणि चढावर इंजिनास खडखडाटाचा त्रास सुरू होऊं शकतो. आपल्याकडे वाहनांची जी नेहमींची धूर-तपासणी रूढ झाली, तींत पेट्रोलच्या गाडीचा कार्बन मोनॉक्साइड व न जळलेलें इंधन, आणि डिझेलच्या गाडीचा काळा धूर पाहण्याचा परिपाठ पडला. नायट्रोजनचीं ऑक्साइडें त्या परिपाठांत आलीं नाहींत. त्यामुळें खिळा ठोकलेली गाडीहि दाखला मिळवून जाते. पण त्या वायूस दाखला ठाऊक नसतो. शाळेच्या फाटकापाशीं सकाळीं मुलांस सोडावयास गाड्यांची रांग लागते, तेव्हां तो वायु जमिनीपासून हात-दीड हातावर सुटतो, आणि लहान मुलांचीं नाकें त्याच उंचीच्या जवळ असतात. दमेकरी मुलाच्या फुप्फुसांस त्याची बाधा विशेष होते.

आजच्या नव्या मोटारींत व्हॅक्यूमच्या ऐवजीं विजेच्या मोटरीनें उघडणारी झडप बहुधा आढळते, व कालांतरानें हा रबरी नळ्यांचा संसार नाहींसा होईल. तथापि जुन्या गाड्या अजून पुष्कळ आहेत. आणि तपासणीचा हा क्रम झडप बदलली तरी बदलत नाहीं. आधीं पाहावें, मग उगम, मग काम करणारा, मग मधला माणूस, आणि सर्वांच्या शेवटीं आज्ञा देणारा. तेव्हां विद्यार्थिमित्रहो, पुढच्या खेपेस गॅरेजांत कोणी "भाग बदलावा लागेल" असें म्हटलें, तर वडिलांच्या शेजारीं उभे राहून नम्रपणें एवढेंच विचारा: "काका, कोणत्या तपासणींत तो बिघडलेला आढळला?" चांगल्या कारागिरास या प्रश्नाचा राग येत नाहीं; तो मापक हातांत घेऊन तुम्हांस दाखवावयास लागतो.